साताऱ्याच्या पश्चिमेला धबधब्यापर्यंतची सोपी, निवांत वाट: बेत कसा आखावा

सातारा शहरात वर्षाला साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. येथून पूर्वेला माण-खटावात गेलो, तर तो निम्म्यावर येतो, आणि पश्चिमेकडे महाबळेश्वर किंवा कोयनेजवळच्या नवजाच्या बाजूला गेलो, तर पाच हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. हा सगळा फरक एकाच जिल्ह्यात, काही तासांच्या प्रवासात दिसतो. त्यामुळे सदर बझारातल्या किंवा शाहूपुरीतल्या घराच्या गच्चीवर उभे राहून आकाश पाहावे आणि धबधब्याला निघावे, ही पद्धत मुळातच चुकीची आहे. आपण जो धबधबा पाहायला जातो, त्याला पाणी पुरवणारा पाऊस आपल्याला घरातून दिसत नाही आणि पुष्कळदा धबधब्यासमोर उभे राहूनही दिसत नाही. बेत आखताना दिवस, जागा, वेळ आणि परतीचा क्षण या सगळ्या गोष्टी या एकाच सत्यावरून ठरवाव्यात, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे.

हे लेखन डोंगर चढण्याची सवय असलेल्या गिर्यारोहकांसाठी नाही. घरात साठीपुढची आई आहे, सात-आठ वर्षांचे मूल आहे, वर्षातून एकदा तरी गर्दीपासून दूर पाण्याचा आवाज ऐकावा अशी इच्छा आहे, अशा कुटुंबासाठी ते आहे.

पाणी कोठून येते

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांचा बनला आहे. त्यातले काही थर कठीण आहेत आणि काही ठिसूळ. ठिसूळ थर पाण्याने आणि हवेने लवकर झिजतात, कठीण थर तसेच उभे राहतात, आणि डोंगराला पायऱ्या पडल्यासारखे कडे तयार होतात. ओढा अशा कड्यावरून खाली उतरतो, तेथे धबधबा होतो. भांबवलीजवळचा वजराई धबधबा तीन टप्प्यांत पडतो, त्याचे कारण हेच आहे.

या कड्यांच्या माथ्यावर कास, चाळकेवाडी यांसारखी सपाट पठारे आहेत. आपल्याकडे अशा कातळी पठाराला सडा म्हणतात. त्यावर जांभ्या दगडाचे कवच असते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात मुरते आणि हळूहळू झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. यातून बेताच्या दृष्टीने दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, पाऊस उघडल्यावरही अनेक दिवस धबधबा वाहत राहतो, म्हणजे तो पाहण्यासाठी भर पावसातच गेले पाहिजे असे अजिबात नाही. दुसरी अशी की, जांभा एकदा पाण्याने तुडुंब भरला, की त्यानंतर सड्यावर पडणारी प्रत्येक सर मुरायला जागा न मिळाल्याने थेट ओढ्यात उतरते, आणि तासाभराचा जोरदार पाऊस खालच्या ओढ्याला काही मिनिटांत फुगवतो.

दिवस निवडताना

मला विचाराल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा काळ कुटुंबासाठी सर्वांत चांगला. जुलैमध्ये पाणी जास्त असते हे खरे, पण धुके इतके दाट असते की अनेकदा समोरचा धबधबा फक्त ऐकू येतो. शिवाय घाटरस्त्यांवर दरडी येतात आणि ओढ्यांचा भरवसा नसतो. ऑगस्टअखेर पाऊस उघडीप देऊ लागतो. सलग दोन-तीन दिवस पाऊस कमी झालेला असावा आणि चौथ्या दिवशी निघावे. तोपर्यंत पाण्याचा गढूळपणा गेलेला असतो, धार पांढरीशुभ्र असते आणि वाटेवरचा चिखलही थोडा आवळलेला असतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात मात्र परतीच्या पावसाची रीत वेगळी असते. सकाळी लख्ख ऊन पडते आणि दुपारनंतर ढग दाटून विजांसह पाऊस येतो. उघड्या सड्यावर वीज फार धोक्याची असल्यामुळे या दिवसांत दुपारी बाराच्या आत गाडीपाशी परत येण्याचाच बेत असावा.

हवामान खात्याचा अंदाज वाचताना 'सातारा' एवढाच शब्द न पाहता सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्यासाठी काय म्हटले आहे ते पाहावे, कारण पुष्कळदा दोन्हींचा इशारा वेगळा असतो. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे खात्याच्या भाषेत जोरदार, त्यापुढे २०४.४ मिलिमीटरपर्यंत अति जोरदार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस होय. घाटमाथ्याला पिवळा इशारा असला, तरी लहान मुलांना घेऊन ओढा ओलांडावा लागणारी वाट निवडू नये. नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर बेत सरळ पुढे ढकलावा. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही धबधब्यांवर ठरावीक काळासाठी मनाई आदेशही काढतात. तो आहे का, हे आदल्या दिवशी वर्तमानपत्रात पाहावे किंवा स्थानिक पोलीस ठाण्यात दूरध्वनी करून विचारावे. तीस-चाळीस किलोमीटर जाऊन बॅरिकेडसमोरून मुलांना परत आणण्यापेक्षा हा एक दूरध्वनी बरा.

निवांतपणाचा प्रश्न मुख्यतः वारावर अवलंबून असतो. शनिवार, रविवार आणि १५ ऑगस्टला जोडून येणाऱ्या सुट्ट्या टाळल्या, की अर्धे काम झाले. श्रावणी सोमवारी यवतेश्वराकडे दर्शनाला जाणाऱ्यांची वर्दळ असते, म्हणून कासच्या बाजूला जायचे असल्यास तोही दिवस सोडावा. सप्टेंबरमध्ये कासची फुले सुरू झाली, की त्या रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात. पश्चिम घाटातील इतर स्थळांसह कासचे पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यानंतर तर तेथे राज्यभरातून लोक येतात. ज्यांना रजा मिळणे शक्य आहे, त्यांनी मंगळवार ते गुरुवारातला एक दिवस काढावा. एक दिवसाची रजा आणि पहाटेचे उठणे, एवढ्याने जो निवांतपणा मिळतो, तो रविवारी कितीही लांबच्या धबधब्यावर गेले तरी मिळत नाही.

जागा निवडताना

धबधबा किती उंच आहे, यापेक्षा आपण तो कोठून पाहणार आहोत, हे आधी विचारावे. पायथ्याशी उभे राहून पाहण्याचे धबधबे आणि दरीच्या पलीकडून समोरासमोर पाहण्याचे धबधबे असे दोन प्रकार मानले, तर कुटुंबाने नेहमी दुसरा प्रकार निवडावा. समोरून धबधबा पूर्ण दिसतो, बसायला कोरडी जागा मिळते, आणि मुख्य म्हणजे पाणी वाढले तरी ते आपल्यापर्यंत येत नाही.

या कसोटीवर ठोसेघर मला सर्वांत पुढे वाटते. साताऱ्यातून समर्थ मंदिराकडून बोगदा ओलांडून सज्जनगडाच्या रस्त्याला लागावे आणि गडाचा फाटा मागे टाकून घाट चढत जावे. अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. गाडी लावल्यानंतर झाडीतून बांधीव वाट आणि पायऱ्या उतरत निरीक्षणाच्या सज्जापर्यंत जाता येते आणि दरीपलीकडच्या धारा कठड्यामागून पाहता येतात. ज्येष्ठांच्या गुडघ्यांना येताना चढण जाणवते, म्हणून मध्ये थांबत यावे. एवढे चालणे कमी वाटणाऱ्यांनी पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर जावे आणि रस्त्याच्या कडेने तीन-चार किलोमीटर फिरून यावे. सकाळच्या वेळी तेथे वारा आणि पात्यांचा संथ आवाज याशिवाय फारसे काही नसते. सज्जनगडावर समर्थ रामदासांच्या समाधीचे दर्शन घेऊन परतण्याची पद्धत आमच्या घरात आहे, पण त्या दिवशी गडाच्या पायऱ्या आणि धबधब्याची वाट असे दोन्ही चढ आजीकडून करवून घेऊ नयेत.

वजराईची वाट थोडी अधिक रानातली आहे. यवतेश्वरचा घाट चढून कास तलावाच्या पुढे भांबवलीकडे जावे लागते. उरमोडी नदीचा उगम याच परिसरातला आहे. येथे चिखल, निसरडे दगड आणि जळवा गृहीत धराव्यात, आणि मुलाला चालण्याची थोडी सवय झाल्यावरच ही वाट निवडावी.

परळी खोऱ्यातला केळवलीचा धबधबा देखणा आहे, पण त्याच्या पायथ्याच्या डोहात बुडून माणसे गेलेली आहेत, आणि तेथे जाणाऱ्याला पाण्यात उतरण्याचा मोह होतोच. म्हणून मी तो कुटुंबाला सुचवत नाही. सडावाघापूरच्या पठारावर वाऱ्याच्या जोराने पाणी उलटे वर उडते. ते पाहण्यासाठी लोक कड्याच्या टोकाला जातात, आणि तेथील वारा माणसाचाही तोल घालवू शकतो. नवजाजवळचा ओझर्डे धबधबा कोयना अभयारण्याच्या परिसरात आहे. तो साताऱ्यातून सकाळी जाऊन दुपारी परत येण्याच्या अंतरावर नसल्यामुळे त्याला मुक्कामाचा बेत लागतो.

वेळेचा हिशेब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम सांगितला: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा नियम सशक्त, सराईत माणसासाठी आहे. चिखलाच्या वाटेवर मुले आणि ज्येष्ठ बरोबर असताना येणारा आकडा मी सरळ दुप्पट करतो, आणि तो क्वचितच चुकतो. समजा, जाण्याचे अंतर तीन किलोमीटर आहे आणि मध्ये १५० मीटरचा चढ आहे. नियमाप्रमाणे ३६ मिनिटे आणि १५ मिनिटे मिळून ५१ मिनिटे होतात, दुप्पट केल्यावर सुमारे पावणेदोन तास. येतानाही तेवढेच धरावेत, कारण निसरड्या उतारावर पाय जपून टाकावा लागतो. वर तासभर बसण्यासाठी धरला, तर एकूण साडेचार तास होतात. सकाळी साडेसातला चालायला सुरुवात केली, की बारापर्यंत परत येता येते. त्यासाठी साताऱ्यातून सहा-सव्वासहाला निघावे लागते.

या हिशेबातून एक वेळ निश्चित करावी आणि ती सगळ्यांना मोठ्याने सांगून ठेवावी. वरील उदाहरणात सव्वादहा वाजले, की जेथे असू तेथून मागे फिरायचे, मग धबधबा पुढच्या वळणावर असला तरी. मुलांना हे आधीच सांगितलेले असेल, तर ती रडत नाहीत. ऐनवेळी सांगितले, तर मोठी माणसेही रुसतात.

एसटीने जाणाऱ्यांनी सातारा बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर जाण्याच्या गाडीबरोबरच परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारावी. या मार्गांवर गाड्या मोजक्या आहेत, आणि पावसात त्या रद्दही होतात. उतरताना वाहक-चालकांनाच परतीचे पुन्हा विचारावे, कारण रस्त्याची त्या दिवसाची अवस्था त्यांना सर्वांत आधी कळते.

ओढा वाचणे

या भागाकडे कृपया विशेष लक्ष द्यावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. ती पोहायला गेलेली नव्हती, थोड्या पाण्यात उभी होती, आणि पाणी वाढले. वेगाने वाहणारे अर्ध्या फुटाचे पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते, कारण प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर दुप्पट न होता चौपट होतो.

काही वर्षांपूर्वी परळी खोऱ्यात आम्ही चौघे एका ओढ्यापलीकडे डबा उघडून बसलो होतो. डोक्यावर चक्क ऊन होते. या काठाने म्हशी घेऊन चाललेले एक आजोबा थांबले आणि ओरडून म्हणाले, "पाव्हणं, वरच्या अंगाला काळं झालंय. डबा बांधा आन् ह्या काठाला या." आम्ही मनात थोडे खट्टू होऊन उठलो. ओढा ओलांडताना ज्या चपट्या दगडावर मी पाय ठेवला होता, तो दहा-बारा मिनिटांत दिसेनासा झाला. पाऊस आमच्यावर पडलाच नाही. तेव्हापासून मी काही सवयी लावून घेतल्या आहेत.

ओढ्याजवळ पोहोचताच काठावरचा एक असा दगड हेरावा, ज्याचा माथा पाण्याबाहेर चार बोटे कोरडा आहे. दर पाच-दहा मिनिटांनी त्याच्याकडे पाहावे. माथा ओला होऊ लागला, तर कारण शोधत बसू नये, उठावे. पाणी स्वच्छ असताना अचानक गढूळ झाले, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, किंवा त्याचा आवाज खर्जात जाऊन तळाशी दगड एकमेकांवर आपटल्यासारखे ऐकू आले, तर वर पाणी सुटले आहे असे समजावे. डबा खाण्यासाठी, फोटो काढण्यासाठी किंवा लघुशंकेसाठी थांबायचे असेल, तर नेहमी ओढ्याच्या घराकडच्या काठावर थांबावे. पाणी वाढून वाट अडलीच, तर पलीकडे उंच जागी बसून राहावे. असे फुगलेले ओढे वरचा पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतात. भिजलेले आणि भुकेलेले माणूस रात्र काढू शकते, वाहून गेलेल्याला ती संधी मिळत नाही.

धबधब्याच्या थेट खाली उभे राहण्याची इच्छा सगळ्यांनाच होते. ती मुलांच्या देखत तरी आवरावी. पाण्याबरोबर वरून दगड येतात, आणि खाली पोहोचेपर्यंत लहानसा दगडही प्राणघातक ठरतो. पायथ्याचा डोह वर्षानुवर्षे पडणाऱ्या पाण्याने आणि त्यात फिरणाऱ्या गोट्यांनी कोरलेला असतो, त्यामुळे काठावर गुडघाभर असलेले पाणी पुढच्या पावलाला पुरुषभर होते. पडत्या धारेखालचे फेसाळ पाणी हवेने भरलेले असल्यामुळे अंगाला नेहमीसारखे वर उचलत नाही, आणि चांगला पोहणाराही तेथे खाली जातो. विहिरीत शिकलेल्या पोहण्यावर येथे विसंबू नये.

बरोबर काय असावे

जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही, म्हणून पातळ, लवकर वाळणारे कपडे घालावेत आणि प्रत्येकाचा एक कोरडा जोड गाडीत ठेवावा. पठारावरच्या वाऱ्यात छत्री उलटते, रेनकोटच बरा. बुटाचा तळ खोल खाचांचा असावा. गुळगुळीत तळाचे महागडे बूट शेवाळावर कुचकामी ठरतात, त्यापेक्षा शेतात वापरायचे खाचांचे रबरी बूट कितीतरी चांगले. आजी-आजोबांसाठी एक काठी घ्यावी.

जळवांसाठी मिठाची पुरचुंडी जवळ असावी. जळू लागलीच, तर ओढून काढू नये, मीठ लावावे किंवा तिच्या तोंडापाशी नख सरकवून ती अलगद सोडवावी, जखम धुवावी आणि थोडा वेळ रक्त आले तरी घाबरू नये. झुडपांत आणि फांद्यांवर हात ठेवताना आधी नीट पाहावे. पावसाळ्यात हिरवा चापडा हा साप पानांच्या रंगात मिसळून बसलेला असतो आणि तो विषारी आहे. गवा दिसला, तर फोटोसाठी पुढे न जाता आहे तेथून शांतपणे मागे यावे.

खाण्यासाठी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी असे कोरडे आणि टिकणारे पदार्थ न्यावेत. वेष्टनातले खाऊ जितके कमी, तितका परत आणायचा कचराही कमी. पिण्याचे पाणी घरून न्यावे, कारण ओढ्याचे पाणी कितीही निर्मळ दिसले, तरी वर गुरे चरत असतात. मोबाइलला रेंज मिळेल असे धरू नये. नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि ११२ (आपत्कालीन मदत) व १०८ (रुग्णवाहिका) हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत.

आवाज

पावसाळ्यात ओढ्याकाठच्या झाडीत शीळकरी कस्तूर नावाचा निळसर काळा पक्षी माणसाने शीळ घालावी तशी लांब, थोडी भरकटणारी शीळ घालतो. पहाटे आणि सकाळी तो हमखास ऐकू येतो, पण जवळ ब्लूटूथ स्पीकर सुरू झाला, की तो गप्प होतो किंवा निघून जातो. मुलांना धबधब्यापासून शंभर-दोनशे पावले अलीकडे बसवावे आणि पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही असे ठरवावे. पडत्या पाण्याच्या गदारोळात जे ऐकू येत नाही, ते तेथे ऐकू येते. सड्याच्या कडेला जांभ्यावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवे, तेरडा, सोनकी फुललेली असतात. ती पाहण्यासाठी वाट सोडून कातळावर पसरू नये, कारण तेवढीच माती या फुलांना पुढच्या वर्षीही लागणार असते.

वाट गावातून जात असेल, तर गाडी कोणाच्या अंगणासमोर किंवा शेताच्या वाटेवर लावू नये. भाताच्या खाचराचा बांध ही चालण्याची जागा नाही, तो फुटला तर शेतकऱ्याचे साठवलेले पाणी जाते. पहिल्या घरापाशी थांबून "मावशी, आज ओढा कसा आहे?" एवढे विचारावे. मिळेल ते उत्तर त्या दिवशी कोणत्याही अंदाजापेक्षा खरे मानावे, आणि त्या नको म्हणाल्या तर तेथेच चहा घेऊन परत फिरावे.

निघण्यापूर्वी घरी राहणाऱ्या एका व्यक्तीला कोठे जातो, कोणत्या गावातून वाट आहे आणि किती वाजेपर्यंत परत संपर्क करू, हे लिहून द्यावे. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत आपला निरोप आला नाही, तर त्यांनी ११२ वर कळवावे, असेही त्याच कागदावर लिहावे. परतीच्या रस्त्यावर रेंज आली, की कपडे बदलण्याच्याही आधी तो दूरध्वनी करावा.